पाचवं रीडिंग

बॉयलरला आतून खार चढतो, तसे हे किस्से चढतात. रोज पातळसा थर, बाहेरून काही दिसत नाही. वीस वर्षांनी झाकण उघडून हात घातला की बोटांना दगड लागतो. आता मी नांदेडला मुलाकडे असतो. संध्याकाळी बाकावर चार म्हातारे जमतात. ते म्हणतात, "लॅबचा एखादा किस्सा सांगा की." मी एखादा सांगत नाही. सांगायचे तर सगळे सांगतो, आणि एकदाच सांगतो.

मी चौथी शिकलो. हे आधीच सांगतो, म्हणजे मागाहून कोणी शोध लावायला नको. तरुणपणी लातूरला तेलाच्या गिरणीत बॉयलरवर होतो. नंतर तिथल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात, केमिकलच्या लॅबमध्ये लागलो. कागदावर अटेंडंट. पोरांच्या तोंडी मामा. त्यांच्यापैकी एकाचीही आई माझी बहीण नव्हती, पण कॉलेजात हे नातं नेमणुकीच्या पत्रासोबत येतं.

लॅबमध्ये तीन गोष्टी शिकवायच्या. नळातून पाणी जाताना त्याला किती जोर लागतो. उष्णता इकडून तिकडं कशी जाते. आणि एक पदार्थ दुसऱ्यात कसा मिसळतो, किंवा त्यातून कसा बाहेर पडतो. मोमेंटम, हीट, मास. इंग्रजीत फार मोठं वाटतं. माझी बायको रोज वरण करताना तिन्ही करायची. आधण ओतायची, जाळ लावायची, मीठ टाकायची. तिला कोणी डिग्री दिली नाही. वरण मात्र कधी बिघडलं नाही.

* * *

पहिला किस्सा भूकंपाच्या वर्षाचा. तो आधी सांगितला नाही तर पुढचे कळणार नाहीत.

कॉलेज तेव्हा नवं होतं. भूकंपानंतर काही दिवस बंद राहिलं, मग उघडलं. पण जमीन अजून शांत झाली नव्हती. अधूनमधून हलायची. दिवसासुद्धा. लोक घरात भाकरी करायला जायचे आणि खायला अंगणात यायचे.

आमच्याकडं एक लांब नळ होता, भिंतीला लावलेला. त्याला जोडून काचेची वाकडी नळी, तिच्यात पारा. व्हॉल्व्ह थोडा उघडला की नळात पाणी धावतं आणि नळीतला पारा एका बाजूला चढतो. किती चढला ते पट्टीवर वाचायचं. मग व्हॉल्व्ह आणखी उघडायचा, पुन्हा वाचायचं. अशी आठ रीडिंग. पाणी वाढलं की पारा चढणार. यात अवघड काही नाही.

हदगावकडचा एक मुलगा होता, सोनकांबळे. बोलायला कमी, लिहायला नेटका. त्या दिवशी पारा तो वाचत होता, व्हॉल्व्हवर मी होतो. चार रीडिंग झाली. पाचव्याला खिडकीच्या काचा वाजायला लागल्या. बाकीची पोरं ओरडत बाहेर पळाली. एकानं स्टॉपवॉच फेकून दिलं.

सोनकांबळे पाऱ्यासमोर वाकलेला होता, तसाच राहिला. पारा एकदम उसळला. त्यानं वाचलं, चौदा पॉइंट दोन, आणि लिहिलं.

मी म्हटलं, "अरे, जमीन हालून राहिली, अन् तू काय लिहून राहिला?"

तो म्हणाला, "मामा, सर म्हणले, जे दिसंल ते लिहा."

आणि आकड्याच्या शेजारी बारीक अक्षरात त्यानं आणखी एक ओळ लिहिली. 'या वेळी जमीन हलली.'

मी म्हटलं, पाचवं पुन्हा घेऊ. पण टाकीत पाणी थोडंच उरलं होतं. लातुरात पाणी दोनदा वापरायला मिळत नाही. उरलेली तीन रीडिंग आम्ही दोघांनी घेतली. सहावं आलं नऊ पॉइंट आठ. म्हणजे आकडे चढत चढत जातात, पाचव्याला टेकडी होते, सहाव्याला खाली येतात. का, ते शेजारच्या ओळीत लिहिलेलं होतं.

पुढच्या वर्षीच्या पोरांनी सोनकांबळेची वही मागून नेली. अक्षर चांगलं होतं ना. त्यांनी आठही रीडिंग उतरवली. शेजारची ओळ उतरवली नाही. तिला मार्क नव्हते.

* * *

भूकंपानंतर लातुरात दोन गोष्टींचं पीक आलं. एक सिमेंटचे कॉलम, दुसरे क्लास. जिकडं बघावं तिकडं पाट्या. पाट्यांवर पोरांचे फोटो, फोटोखाली टक्के. बाहेरगावची माणसं एसटीतून उतरायची आणि पोराला हात धरून त्या पाट्या दाखवायची, देवळातला देव दाखवावा तसा.

मग ती पाटीवरची पोरं आमच्याकडं यायला लागली. मी बघून ठेवली सगळी. गणितात शंभर आणि हातात पाना उलटा.

शेवटच्या काही वर्षांत असा एक मुलगा होता, प्रणव. त्याचा फोटो चौकातल्या पाटीवर होता, ट्रकएवढा. आमच्याकडं तिसऱ्या वर्षाला होता तेव्हा एका पाहुण्या सरांनी त्याला तोंडी विचारलं, "गरम भांडं आणि थंड भांडं एकमेकांना टेकवून ठेवलं, तर उष्णता कुठून कुठं जाईल?"

प्रणव विचारात पडला. छताकडं बघितलं. मग फार अदबीनं म्हणाला, "सर, ऑप्शन?"

पाहुण्या सरांना आधी कळलं नाही. मला कळलं. या पोरानं जन्मात कधी चार उत्तरं समोर नसताना प्रश्न पाहिला नव्हता.

* * *

आमचा विषय शिकवायला बिराजदार सर होते. सकाळी पाचपासून नऊपर्यंत क्लासमध्ये शिकवायचे, मग कॉलेजात यायचे. क्लासमध्ये त्यांचा आवाज तिसऱ्या गल्लीत ऐकू जायचा. कॉलेजात पहिल्या बाकापर्यंत पोचत नव्हता.

लॅबची रीडिंग आता कोणी घेत नव्हतं. मागच्या वर्षीची वही घ्यायची, उतरवायची, सरांनी सही करायची. उन्हाळ्यात लोडशेडिंग असायचं, दिवसदिवस वीज नसायची. आमच्याकडं एक ड्रायर होता, ओली वाळू गरम हवेत ठेवायची आणि दर पाच मिनिटांनी वजन करायचं, म्हणजे पाणी किती उडालं ते कळतं. ज्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत वीज आली नाही, त्या तारखेला वीस पोरांची वाळू सत्तर डिग्रीला वाळली.

मी एकाला विचारलं, "वीज नव्हती. हवा कशानं तापवली?"

तो म्हणाला, "मामा, उन्हाळाच लई आहे."

पाण्याचा दुष्काळ पडला त्या वर्षी लॅबच्या टाकीत पाल मरून पडली होती. पाणी थेंबभर नाही. तरी नळाच्या प्रयोगाच्या साठ वह्या आल्या. साठही वह्यांत पाणी धो धो वाहिलं. पाचव्या रीडिंगला पारा चौदा पॉइंट दोन. तपासायला कमिटी आली होती, तिनं लिहिलं, लॅबचा वापर उत्तम.

* * *

टेकडी मात्र डोळ्यात भरायची. पाणी वाढतं आणि पारा उतरतो, हे एखाद्या पोरानं तरी विचारलं असतं. त्याआधीच बिराजदार सरांनी उत्तर तयार ठेवलं. फळ्यावर टेकडी काढली, तिच्या माथ्यावर बाण काढला आणि सांगितलं, "इथपर्यंत पाणी शांत वाहतं. इथं ते खवळतं. हा बदलाचा क्षण. परीक्षेला हमखास."

पोरांनी लाल पेननं टेकडीला गोल केला.

मी मागं उभा होतो, पान्यांना तेल लावत. मला राहवलं नाही. म्हटलं, "सर, ते पाणी खवळल्याचं न्हाई. ते भूकंपाचं हाय. मी होतो तिथं."

सर थांबले. "मामा, तुमचं शिक्षण किती?"

"चौथी."

"मग हे पाचवं आहे. तुमच्या पुढचं."

वर्ग हसला. मी पाना पुसून पेटीत ठेवला. त्या दिवशी ठरवलं, विचारल्याशिवाय या लॅबमध्ये तोंड उघडायचं नाही. मी ते पाळलं. माझ्यात दुर्गुण असतील, पण शब्द पाळायचा गुण आहे.

एकदाच मोडला. तो पुढचा किस्सा, आणि तो मोडल्याचं मला वाईट वाटलेलं नाही.

* * *

सर एका दुपारी दोन तास शिकवत होते, की साखर पाण्यात आपोआप कशी पसरते. न ढवळता. तळाला दाट, वर पातळ, मग दाटाकडून पातळाकडं, हळूहळू, सगळीकडं सारखी. फळा भरला, पुसला, पुन्हा भरला.

तास संपल्यावर त्यांचा चहा आला. टपरीवाला चमचा विसरला होता. सरांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "अरे, साखर आहे का यात? चमचा कुठंय? फिक्का आहे."

मला विचारलं नव्हतं, तरी मी म्हटलं, "थांबा, सर. पसरंल हळूहळू."

* * *

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी बिलोलीची एक मुलगी प्रणवच्याच वर्गात, तिसऱ्या वर्षाला होती. नसरीन. तिच्या वडलांचं बसस्टँडजवळ रेडिएटर दुरुस्तीचं दुकान. ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या जाळ्या खोलायच्या, साफ करायच्या, झाळून द्यायच्या. ती लहानपणापासून दुकानात बसलेली.

आमच्याकडं एक जाडजूड नळा होता. त्याच्या पोटात बारीक नळ्या. नळ्यांतून गरम पाणी जाणार, बाहेरून थंड पाणी, आणि गरमाची उष्णता थंडाला मिळणार. त्या वर्षी काय झालं, गरम पाणी एका टोकानं गरम जायचं आणि दुसऱ्या टोकानं गरमच बाहेर यायचं. पोरांनी गणित केलं. उत्तर पुस्तकाशी जुळेना. दोनदा केलं, तीनदा केलं. कॅल्क्युलेटर बदलून केलं.

शेवटी प्रणवनं निकाल दिला. "फॉर्म्युला बरोबर आहे. मशीन चुकलं."

नसरीननं गणित केलं नाही. तिनं बाहीनं घाम पुसला आणि नळ्यावर तळहात ठेवला. एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला, मग मध्ये. मग माझ्याकडं वळली.

"मामा, अंदर खार बसलाय. अब्बाच्या दुकानात येतात असे गिऱ्हाईक. गाडी तापली म्हणून इंजिन खोलून बसतात, अन् चोक असतो रेडिएटर. खोलूयात का?"

मी पाने काढले. आम्ही झाकण खोललं, सळईला तारेचा ब्रश बांधला आणि एकेक नळी साफ केली. अर्धी बादली खार निघाला. पांढरा, दगडासारखा. पुन्हा पाणी सोडलं तर उत्तर पुस्तकाच्या घरात आलं.

बिराजदार सर आले. बादलीकडं बघितलं. "कोणाच्या परवानगीनं खोललं?"

शाबासकी नव्हे, परवानगी. असो. त्या दिवसापासून ती मला डब्यातला पहिला घास विचारायची आणि मी तिला पाने द्यायला लागलो. मी माझे पाने कोणाला देत नाही.

तिचं एकच होतं. वर्ष वाया जाऊन चालणार नव्हतं. गल्लीतून शिकायला बाहेर पडलेली ती पहिली. एकदा काचेच्या नळ्या धुताना म्हणाली, "मामा, माझ्यामागं धाकटी बहीण आहे, मामूच्या दोघी आहेत. सगळे थांबलेत, माझं काय होतं ते बघायला. मी नापास झाले तर म्हणतील, बघा, उगाच पाठवलं. तिघींचा दरवाजा बंद."

* * *

आणि ती नळाच्या प्रयोगाला आली.

वही उतरवायची सोडून तिनं टाकी भरून घेतली, व्हॉल्व्ह उघडला आणि रीडिंग घेतली. पाचवं आलं सात पॉइंट नऊ. टेकडी नाही. पुन्हा घेतलं. टेकडी नाही. तीन दिवस ती दुपारची येत होती. आठ वेळा पूर्ण प्रयोग केला. रेघ आपली सरळ वर चढत गेली, घाट चढणाऱ्या एसटीसारखी, कुठं न उसळता.

मैत्रिणी म्हणाल्या, "चौदा पॉइंट दोन टाक अन् मोकळी हो. सगळ्यांनी टाकलंय."

ती वही घेऊन सरांकडं गेली. मी तिथंच होतो.

सर म्हणाले, "टेकडी कुठंय?"

"येत नाही, सर. आठ वेळा बघितलं."

"एकोणसाठ जणांना आली, तुला येत नाही?"

"सर, त्यांनी पाणी सोडलंच नाही."

हे खरं होतं, म्हणून सरांना जास्त लागलं. "तू मशीनपेक्षा शहाणी आहेस का?"

"नाही सर. मशीनच सांगतंय."

सरांनी सही केली. न करून चालत नव्हतं, हजेरी पूर्ण होती. पण सहीच्या वर लाल पेननं शेरा मारला. 'रीडिंग चुकीची. पाचवे पाहावे.' वही तिच्याकडं सरकवली आणि म्हणाले, "बाहेरचे परीक्षक येतील. त्यांना दाखव हे. ते काय करतात ते बघू. अजून दोन दिवस आहेत. नवीन वही आण, मॅच करून आण, मी शेऱ्याशिवाय सही देतो."

ती लॅबमध्ये येऊन स्टुलावर बसली. मग तिनं विचारलं, "मामा, पण हे पाचवं रीडिंग आलं कुठून?"

वीस वर्षांवर झाली होती. सरांनी नाही, कमिटीनं नाही, पाटीवरच्या पोरांनी नाही. विचारणारी ही पहिली.

मी सांगितलं. काचा वाजल्या ते, सोनकांबळे वाकून राहिला ते, शेजारची ओळ. ती ऐकत होती. तिनं पट्टीवर चौदा पॉइंट दोनच्या खुणेवर बोट ठेवलं.

"मामा, त्या भूकंपात तुमचं कोणी होतं?"

"बहीण. औशाच्या पुढं दिलेली."

तिनं बोट उचललं. त्या आकड्याला दरवर्षी साठ पोरं लाल गोल करत होती, आणि मी मागं उभा राहून पाने पुसत होतो, एवढंच.

उठताना ती म्हणाली, "आता काय करू, मामा? नवीन वही आणू?"

मी म्हटलं, "ते मला इचारू नको. तू हात लावून बघितलंस, मी न्हाई."

तिनं नवीन वही आणली नाही.

* * *

परीक्षेच्या दिवशी नांदेडहून परीक्षक आले. डोक्यावर केस कमी, चष्मा, हातात साधी कापडी पिशवी. नेमणुकीचं पत्र बिराजदार सरांनी मोठ्यानं वाचलं म्हणून मला नाव कळलं. सोनकांबळे.

मी पाणी दिलं. त्यानं पेला घेतला, माझ्याकडं बघितलं, आणि मान हलवली. ओळख दाखवली नाही. परीक्षकानं दाखवू नये. मला बरं वाटलं, अजून नेटका होता.

तो खुर्चीवर बसला नाही. आधी नळापाशी गेला. पाऱ्यासमोर वाकून बघितलं, पट्टीवरनं अंगठा फिरवला. मग वह्या मागितल्या.

पहिली वही उघडली, प्रणवची. नळाच्या प्रयोगाच्या पानावर थांबला. दुसरी उघडली, तेच पान. तिसरी. मग त्यानं सगळ्या वह्या त्याच पानावर उघडून टेबलांवर ओळीनं मांडल्या. पोरं भिंतीला टेकून उभी. साठ वह्या, एकोणसाठ टेकड्या. शेवटी नसरीनची. लाल शेरा वरच होता, लपवायला जागा नव्हती. नसरीन दाराजवळ उभी होती, ओढणीचं टोक मुठीत धरून.

बिराजदार सर पुढं झाले. "सर, त्या मुलीकडं लक्ष देऊ नका, ती जरा हट्टी आहे. बाकीचे बघा. इथं पाणी खवळतं. आमचं मशीन फार सेन्सिटिव्ह आहे. दरवर्षी हा क्षण पकडतं."

"दरवर्षी?"

"दरवर्षी, सर."

"आणि दरवर्षी चौदा पॉइंट दोनच?"

"तेवढंच. ही आमच्या लॅबची अचूकता आहे, सर."

सोनकांबळेनं मान डोलावली. मग माझ्याकडं वळला. "मामा, टाकीत पाणी आहे?"

"हाव."

"सोडा."

त्यानं नसरीनला पुढं बोलावलं. मी व्हॉल्व्हवर. ती पाऱ्यासमोर वाकली. एक, दोन, तीन, चार. पाचव्याला भिंतीला टेकलेली पोरं पुढं सरकली. ती म्हणाली, "आठ, सर." त्यानं स्वतः वाकून बघितलं. आठ. तिच्या वहीत सात पॉइंट नऊ होतं.

मग त्यानं प्रणवला बोलावलं. पाटीवरचा तो, पुढं आला.

"ही रीडिंग तू घेतलीस?"

"हो, सर."

"स्वतः?"

"स्वतः, सर."

"तुझा जन्म कधीचा, बाळ?"

"पंच्याण्णवचा, सर."

"मग भूकंपाच्या वेळी तू इथं कसा होतास?"

प्रणवनं सरांकडं बघितलं. सरांनी पाऱ्याकडं बघितलं. पारा जागेवर होता.

सोनकांबळेनं नसरीनची वही जवळ ओढली. लाल शेऱ्यावर एक आडवी रेघ मारली, खाली सही केली, पुढं मार्क लिहिले. चांगले लिहिले, मला उलटं वाचता येतं. तिची धाकटी दोन वर्षांनी याच कॉलेजात आली, आणि मामूच्या दोघी तिच्या मागं, हे इथंच सांगतो. नंतर सांगायला जागा नाही.

मग त्यानं पेन फिरवलं, आणि पाचव्या रीडिंगच्या शेजारी, तेवढ्याच बारीक अक्षरात, एक ओळ लिहिली. 'या वेळी जमीन हलली नाही.'

बिराजदार सर वाकून वाचत होते. दोनदा वाचलं. "सर, हे कळलं नाही. याचा अर्थ काय?"

"मामांना विचारा," सोनकांबळे म्हणाला. "ते होते तिथं."

सर माझ्याकडं वळले. सगळा वर्ग वळला.

"मामा, काय आहे हे?"

मी आधी व्हॉल्व्ह बंद केला. हात पुसले. पाना पेटीत ठेवला.

म्हटलं, "ऑप्शन देऊ का, सर?"